फोटो बघून ‘अस्सल’ ठरवणाऱ्या सेवा: कुणावर कितपत भिस्त ठेवायची

वापरलेली लक्झरी बॅग किंवा घड्याळ ऑनलाइन घ्यायचं असेल, तर ‘हे अस्सलच आहे ना?’ असं विचारायला हल्ली चार दारं उघडी आहेत. ब्रँडच्या चाहत्यांच्या ऑनलाइन समूहांतले जाणकार फुकट बघून सांगतात. पैसे घेऊन लेखी अभिप्राय देणारे स्वतंत्र ऑथेंटिकेटर आहेत. सूक्ष्मदर्शक कॅमेरा आणि सॉफ्टवेअरच्या जोरावर निकाल देणारी यंत्रं आहेत. आणि माल विकणारा प्लॅटफॉर्म स्वतःच तपासून टॅग लावून देतो. या चारही सेवांचं हे परीक्षण. जास्त जागा पहिल्या सेवेला दिली आहे, कारण भांडणं तिथेच सगळ्यात जास्त होतात आणि सगळ्यात जास्त शिकायलाही तिथेच मिळतं.

निकाल आधीच सांगून ठेवते. पैसे द्यायच्या आधीची चाळणी म्हणून समूहातल्या फुकट तपासणीला तोड नाही. पैसे अडकल्यावर पुरावा म्हणून मात्र तिचा फारसा उपयोग होत नाही. लेखी अभिप्राय पुरावा म्हणून चालतो, पण तो कुणी दिला आणि त्यात काय लिहिलंय यावर सगळं अवलंबून असतं. यंत्र मोजक्या ब्रँडांपुरतं चांगलं. प्लॅटफॉर्मचा टॅग सोयीचा आहे, पण तपासणारा आणि विक्रीतून कमिशन घेणारा एकच असतो, हे विसरून चालणार नाही. ‘आम्ही अमुक टक्के अचूक’ हे प्रत्येकजण सांगतो. सेवा निवडताना प्रश्न दुसराच विचारायला हवा: निकाल चुकला तर तुम्ही काय करता?

आधी फोटो

समूहात टाकलेल्या कितीतरी विनंत्या ‘फोटो अपुरे’ या शेऱ्यावर अडकतात आणि विचारणाऱ्याला वाटतं, जाणकार टाळाटाळ करतायत. तसं नसतं. चार फोटोंत बॅगचा आकार आणि रंग कळतो, खरेपणा कळत नाही. बॅगेसाठी निदान दहा-बारा फोटो लागतात: समोरून, मागून आणि तळाचा पूर्ण फोटो, आतला ब्रँडचा ठसा अगदी समोरून, डेट कोड (बॅग कुठल्या कारखान्यात आणि कधी बनली हे सांगणारी अक्षरं-आकडे) किंवा सिरीयल नंबर, झिपच्या खेचणीच्या दोन्ही बाजू आणि झिपच्या डोक्याची खालची बाजू, बक्कल, रिव्हेट, कड्या यांवरची कोरीव अक्षरं, हँडल जिथे बॅगेला जोडलंय तिथले टाके, चामड्याची रंगवलेली कड, अस्तराची शिवण.

फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, फ्लॅश बंद ठेवून काढावेत. फ्लॅश मारला की ठशाची खोली सपाट दिसते आणि धातूवरची अक्षरं चमकून जातात. ठसा तिरक्या कोनातून काढला की गोल ‘ओ’ लंबगोल दिसतो आणि अस्सल बॅगेवरही शंका येते. फार जवळ गेलं तर फोनची लेन्स फोकस सोडते, म्हणून वीतभर अंतरावरून दुप्पट झूम करून काढलेला फोटो चिकटून काढलेल्या फोटोपेक्षा बरा येतो. मेसेजिंग ॲपमधून पाठवलेल्या फोटोचा आकार आपोआप घटतो आणि टाक्यांचे दोरे एकमेकांत मिसळतात; मूळ फाइलच पाठवावी. शक्य असेल तर एका फोटोत आजची तारीख आणि आपलं खातं लिहिलेली चिठ्ठी बॅगेशेजारी ठेवावी. तिचं महत्त्व पुढे येईल.

काय बघतात आणि लोक कुठे घसरतात

समूहातल्या वादांपैकी बरेच अर्धवट माहितीतून पेटतात. लुई व्हिटॉनचंच घ्या, कारण सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच असते. मोनोग्राम (ब्रँडच्या अक्षरांची नक्षी असलेल्या) कॅनव्हासच्या स्पीडी बॅगेच्या एका बाजूला एलव्हीची अक्षरं उलटी दिसतात आणि लगेच कुणीतरी ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून मोकळं होतं. खरं तर ते व्हायलाच हवं: कॅनव्हासचा एकच तुकडा तळाखालून वळवून दोन्ही बाजूंना नेलेला असतो, मग एका बाजूला नक्षी उलटीच येणार. दुसरा गैरसमज ‘मेड इन’चा. स्पेन किंवा अमेरिका लिहिलेलं दिसलं की शंका घेतली जाते. या ब्रँडचे कारखाने फ्रान्सखेरीज स्पेन, इटली आणि अमेरिकेतही आहेत.

डेट कोडचा घोळ याहून मोठा. २००७ पासूनच्या कोडमध्ये दोन अक्षरं कारखान्याची. चार आकड्यांपैकी पहिला आणि तिसरा मिळून वर्षातला आठवडा, दुसरा आणि चौथा मिळून वर्ष. ‘एसआर ४१८०’ म्हणजे २०१० सालचा ४८वा आठवडा. याच पद्धतीने ‘६१७१’ वाचलं तर ६७वा आठवडा निघतो आणि तसा आठवडा कुठल्याच वर्षात नसतो. इथे निकाल लगेच लागतो. १९९० ते २००६ मध्ये मात्र पहिला आणि तिसरा आकडा महिन्याचे असत. जुन्या बॅगेचा कोड नव्या पद्धतीने वाचून तिला नकली ठरवणारे प्रत्येक समूहात भेटतात.

त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की डेट कोड म्हणजे सिरीयल नंबर नव्हे. एकाच आठवड्यात एकाच कारखान्यात तयार झालेल्या कितीतरी बॅगांवर तोच कोड असतो. त्यामुळे ‘हाच कोड नेटवर दुसऱ्या बॅगेवर सापडला, म्हणजे ही खोटी’ हा युक्तिवाद पोकळ आहे. उलट बाजूही तितकीच खरी: नकली माल बनवणारे योग्य कोड छापतात, म्हणून कोड बरोबर आहे एवढ्यावरून बॅग अस्सल ठरत नाही. कोडमधले देश आणि काळ ठशातल्या ‘मेड इन’शी, त्या वर्षीच्या अस्तराशी आणि झिपशी जुळतात का, यात खरी तपासणी असते. मार्च २०२१ पासून डेट कोड बंद होऊन आत चिप आली. चिपमध्ये काय नोंदलंय ते ब्रँडच वाचू शकतो, त्यामुळे बाहेरच्या जाणकाराचं एक हत्यार कमी झालं आणि टाके, ठसा, कड यांचं वजन वाढलं.

बॅगेसोबत प्लास्टिकचं ‘ऑथेंटिसिटी कार्ड’ आलं तर बऱ्याच जणांना हायसं वाटतं. लुई व्हिटॉन आणि एर्मेस आपल्या बॅगांबरोबर असं कार्ड देतच नाहीत. तेव्हा इथे कार्ड असणं हीच काळजीची गोष्ट.

शनेलचं गणित वेगळं. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून २०२१ पर्यंत आत सिरीयल नंबरचा स्टिकर आणि सोबत त्याच नंबरचं कार्ड येत असे. इथे नंबर बॅगेगणिक वेगळा असतो, म्हणून तोच नंबर दोन बॅगांवर दिसला तर ते गंभीर आहे. स्टिकर काढायला गेलं की फाटावा असाच बनवलेला असतो, त्यामुळे जुन्या बॅगेत तो अर्धवट असणं किंवा नसणं नवलाचं नाही. ‘स्टिकर नाही, म्हणजे नकली’ असा निकाल देणाऱ्यापासून लांब राहावं. २०२१ पासून स्टिकरच्या जागी चिप असलेली धातूची पट्टी आली. शनेलच्या दोन ‘सी’च्या टर्नलॉकमध्ये (फिरवून उघडायच्या खिटीत) वरच्या बाजूला उजवा सी डाव्यावरून जातो आणि खालच्या बाजूला डावा उजव्यावरून. स्वस्त नकलेत हे चुकतं, महागड्या नकलेत नाही. तिथे बघायचं ते मागच्या खिशाच्या कडेला चामड्यावर शिवलेल्या चौकटींच्या रेषा बॅगेच्या अंगाशी तंतोतंत जुळतात का, आणि बॅग झाकल्यावर झडपेच्या रेषा खालच्या रेषांना मिळतात का.

एर्मेसच्या बॅगेवरचं अक्षर साल सांगतं, पण एकट्या अक्षरावर जाऊ नये. ‘ए’ हे अक्षर वर्तुळात असेल तर १९७१, चौकोनात असेल तर १९९७ आणि कशातच नसेल तर १९४५ किंवा २०१७. चौकोनातला ‘ए’ असलेली बॅग ‘अलीकडचीच आहे’ म्हणून कुणी विकत असेल, तर बॅग नकली असेलच असं नाही, पण विक्रेत्याचं वर्णन नक्कीच चुकलंय. टाके हाताने घातलेले असल्यामुळे किंचित तिरपे असतात. यंत्रासारखी सरळसोट, एकसारखी शिवण दिसली की थांबावं.

कारण सांगायचं नाही, या नियमावरचा वाद

फुकट तपासणीच्या बहुतेक समूहांत निकाल एका ओळीत येतो: अस्सल, नकली, किंवा अजून फोटो द्या. कारण विचारलं की मॉडरेटर (समूह सांभाळणारे) पोस्ट काढून टाकतात. नवख्या माणसाला हे उद्धट वाटतं आणि भांडणाची ठिणगी इथेच पडते.

हा नियम मला पटतो. नकली माल बनवणारे हे समूह वाचतात. ठशातलं अमुक अक्षर जाड आहे, अमुक कडीचा कोन चुकलाय, असं जाहीर लिहिलं की पुढच्या खेपेला तेवढंच दुरुस्त होऊन येतं. ‘सुपरफेक’ म्हणवल्या जाणाऱ्या प्रती इतक्या सुधारल्या, त्यात आपण उदारपणे लिहिलेल्या कारणांचाही हातभार आहे. वर सांगितलेली माहिती, कोडची पद्धत किंवा टर्नलॉकची दिशा, नकली माल बनवणाऱ्यांना केव्हाच ठाऊक आहे. ती सांगून काही बिघडत नाही. जाणकारांकडे याखेरीज जे असतं ते झाकून ठेवणंच योग्य.

पण कारण झाकलं की जबाबदारीही झाकली जाते, आणि बरेच समूह नेमके इथे कमी पडतात. कारण न देता निकाल द्यायचा हक्क हवा असेल, तर बदल्यात काही गोष्टी पाळायला हव्यात. निकाल दिल्यावर मूळ विनंती आणि फोटो बदलता येऊ नयेत. निकाल त्या ठराविक लिस्टिंगला (विक्रीच्या जाहिरातीला) आणि विक्रेत्याच्या खात्याला बांधलेला असावा. कुणी हरकत घेतली तर दुसऱ्या जाणकाराने पहिल्याचं मत न बघता वेगळं बघावं, आणि दोघांचं जुळलं नाही तर निकाल ‘अनिर्णित’ म्हणून बदलावा. कारणं जाहीर नसली तरी मॉडरेटरकडे लिहून ठेवलेली असावीत, म्हणजे सहा महिन्यांनी वाद आला तर ‘आठवत नाही’ असं उत्तर मिळत नाही. ज्या समूहात हे होतं तिथल्या एका ओळीच्या निकालाला वजन आहे. जिथे हरकत घेणाऱ्यालाच बाहेर काढतात, तिथल्या निकालाला ते नाही, मग जाणकार कितीही मोठा असो.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे चुकलेल्या निकालाचा धागा (म्हणजे त्या विनंतीखालची सगळी चर्चा) गुपचूप पुसून टाकणं. जाणकार चुकतात, एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या सालच्या बारकाव्यांत कुणीही चुकू शकतं. पुसलेल्या धाग्यामुळे दोघांचं नुकसान होतं. ज्या विक्रेत्याची अस्सल बॅग नकली ठरवली गेली त्याच्याकडे दुरुस्ती दाखवायला काही उरत नाही, आणि ज्या खरेदीदाराने ‘अस्सल’ वाचून पैसे दिले त्याला निकाल बदलल्याचं कळतही नाही. जुना निकाल तसाच ठेवून त्याखाली तारखेसह दुरुस्ती लिहिणं हीच बरोबर पद्धत. समूहात शिरल्यावर दुरुस्त केलेला एखादा तरी निकाल शोधून बघा. एकही सापडला नाही, तर तिथे कुणी चुकत नाही असं नसून चुका दिसू देत नाहीत, असं समजायला हरकत नाही.

बाकीचे नियम: कुठले रास्त, कुठले जाचक

चालू लिस्टिंगची लिंक आणि विक्रेत्याचं नाव द्यावंच लागतं, नुसते फोटो चालत नाहीत, हा नियम फसवणुकीच्या एका ठराविक तऱ्हेमुळे आला. अस्सल बॅगेचे फोटो टाकून ‘अस्सल’ असा निकाल मिळवायचा आणि मग त्याच धाग्याची लिंक नकली बॅगेच्या लिस्टिंगखाली चिकटवायची. तारखेची चिठ्ठी घातलेला फोटो इथे उपयोगी पडतो: खरेदीदार विक्रेत्याकडे नवी चिठ्ठी ठेवून नवा फोटो मागू शकतो, आणि ज्याच्या हातात बॅगच नाही त्याला तो देता येत नाही.

स्वतःच्या विक्रीचा माल तपासून मागायचा नाही, हा नियमही याच घराण्यातला. प्रामाणिक विक्रेत्याला तो जाचतो, पण त्याने लेखी अभिप्राय विकत घ्यावा. फुकट सेवा दुकानाचा दर्जा तपासायला नसते.

ठरवलेल्या जाणकारांखेरीज कुणी मत द्यायचं नाही, यावर नेहमी कुरकुर होते. पण ‘मला तर बरी वाटतेय’ अशा दहा पोस्टींखाली जाणकाराचा एक ‘नको’ दिसेनासा होतो. नियम राहू द्यावा.

किमान अमुक पोस्टी झाल्याशिवाय विचारता येणार नाही, हा नियम मात्र मला निम्माच पटतो. उद्देश कळतो: नकली मालाचे विक्रेते नवं खातं उघडून आपली प्रत किती जमली हे तपासून बघतात. पण ज्याच्या हातात परत करायला तीन दिवस आहेत त्याला आधी गप्पा मारून पोस्टी जमवायला सांगणं म्हणजे त्याला निरुपयोगी फोटो आणि फुटकळ प्रतिसाद टाकायला भाग पाडणं. परतीची मुदत दाखवली तर मॉडरेटरने तेवढ्यापुरती सूट द्यावी.

विक्रेत्याला ‘चोर’ म्हणणाऱ्या पोस्टी काढल्या जातात आणि त्यावरून ‘मॉडरेटर विक्रेत्यांना मिळालेत’ अशी ओरड होते. बॅग नकली आहे हे मत झालं. विक्रेत्याने ते ठाऊक असून विकली हा आरोप झाला. भेट मिळालेली किंवा स्वतःच फसून घेतलेली बॅग पुढे विकणारे पुष्कळ असतात. त्यामुळे पोस्ट काढणं योग्यच, मात्र निकालाची ओळ त्या झाडलोटीत जाता कामा नये.

खरी काळजी घ्यायची ती हितसंबंधांची. समूहात फुकट निकाल देणारी व्यक्तीच बाहेर पैसे घेऊन अभिप्राय देत असेल, किंवा त्याच ब्रँडचा माल विकत असेल, तर ते तिच्या नावाशेजारी लिहिलेलं असायला हवं. पैसे घेण्यात गैर काहीच नाही. वर्षानुवर्षांच्या अभ्यासाचा मोबदला मागणं रास्तच आहे. पण धाग्यात ‘फोटो अपुरे’ म्हणायचं आणि खासगी मेसेजमध्ये त्याच फोटोंवर पैसे घेऊन निकाल द्यायचा, हे चालत असेल तर त्या समूहाच्या फुकट सेवेचा अर्थच उरत नाही. मॉडरेटर आणि जाणकार एकच व्यक्ती असेल तर तक्रार करायची कुणाकडे, हाही प्रश्न उभा राहतो. ही दोन कामं वेगवेगळ्या हातांत असलेला समूह निवडावा.

लेखी अभिप्राय

पैसे देऊन घेतलेल्या पत्रात काय असायला हवं हे आधी विचारून घ्या. वस्तूचं नाव, रंग, चामडं, कोड किंवा नंबर, लिस्टिंगचा क्रमांक, तपासलेले फोटो पत्रालाच जोडलेले, तारीख, आणि मत देणाऱ्याचं नाव व सही. नुसतं ‘आमच्या तज्ज्ञांच्या मते ही वस्तू अस्सल आहे’ असं एक वाक्य आणि सोनेरी शिक्का असेल तर ते पत्र कुठल्याही वादात टिकणार नाही, कारण ते कुठल्या बॅगेबद्दल आहे हेच त्यातून सिद्ध होत नाही.

‘गॅरंटी’ या शब्दाखाली काय आहे ते वाचा. कुठे निकाल चुकल्यास फक्त तपासणीची फी परत मिळते, कुठे वस्तूच्या किमतीपर्यंत भरपाई असते. दोन्हींची जाहिरात सारखीच दिसते. भरपाई असेल तर चूक सिद्ध कशी करायची हेही विचारा. ब्रँडचं पत्र आणा असं उत्तर आलं, तर ती गॅरंटी कागदावरच राहणार, कारण बहुतेक लक्झरी ब्रँड सेकंड-हँड मालाबद्दल खरं-खोटं लेखी देत नाहीत.

विक्रेत्याने आधीच घेतलेलं प्रमाणपत्र दाखवलं तर त्यावरचा क्रमांक देणाऱ्याच्या वेबसाइटवर स्वतः टाकून बघा, आणि विक्रेत्याने पाठवलेल्या लिंकवरून जाऊ नका. मग तिथले फोटो आणि लिस्टिंगचे फोटो शेजारी ठेवा. चामड्याचे दाणे, एखादा ओरखडा, कॅनव्हासची नक्षी शिवणीपाशी कुठे कापली गेलीय, या गोष्टी दोन बॅगांत सारख्या नसतात.

यंत्र

एंट्रुपीसारख्या सेवेत फोनला जोडलेल्या सूक्ष्मदर्शकाने वस्तूच्या ठरलेल्या भागांचे फोटो काढले जातात आणि सॉफ्टवेअर ते आपल्या साठ्याशी ताडून बघतं. हे उपकरण मुख्यतः दुकानदारांसाठी आहे. या सेवेची एक गोष्ट मनापासून आवडते: बॅगेबाबत खात्री पटली नाही तर निकाल ‘नकली’ असा न येता ‘ओळख पटली नाही’ असा येतो. हाच प्रामाणिकपणा माणसांच्या निकालांतही हवा. मर्यादा दोन. यादीतल्या ब्रँडांबाहेर, किंवा फार जुन्या आणि दुर्मिळ मालावर, तिचा उपयोग नाही. आणि बॅग अस्सल पण कड पुन्हा रंगवलेली, अस्तर बदललेलं, हार्डवेअरला (धातूच्या भागांना) नवा मुलामा दिलेला, असल्या प्रकारांत ‘अस्सल’ हा एकच शब्द खरेदीदाराला पुरत नाही.

प्लॅटफॉर्मचा टॅग

ईबेने २०२० मध्ये घड्याळं आणि स्नीकर्सपासून तपासणीची सेवा सुरू केली. माल आधी तपासणाऱ्याकडे जातो, मग खरेदीदाराकडे. यातला सगळ्यात कामाचा भाग परतीचा आहे: परत पाठवलेली वस्तूही पुन्हा तपासणाऱ्याकडूनच जाते, त्यामुळे अस्सल वस्तू ठेवून नकली परत करणाऱ्या खरेदीदारालाही चाप बसतो. विक्रेत्यांनी याकडे जास्त लक्ष द्यायला हवं.

पण टॅगचा अर्थ प्लॅटफॉर्म ठरवतो आणि बदलतोही. स्नीकर्सची पुनर्विक्री करणाऱ्या स्टॉकएक्स या कंपनीने २०२२ मध्ये आपल्या टॅगवरचा ‘व्हेरिफाइड ऑथेंटिक’ हा मजकूर बदलून ‘स्टॉकएक्स व्हेरिफाइड’ केला. नायकीने तिच्यावर केलेल्या खटल्यात मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने नकली बुटांचे ३७ जोड विकल्याबद्दल तिला जबाबदार धरलं. तपासणी खोटी होती असा याचा अर्थ नाही. मोठ्या प्रमाणावर, घाईत चालणारी तपासणी गळते एवढाच आहे. शनेल आणि ‘व्हॉट गोज अराउंड कम्स अराउंड’ या पुनर्विक्रेत्याच्या खटल्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये ज्यूरीने ४० लाख डॉलरचा निवाडा शनेलच्या बाजूने दिला. त्यात शनेलच्या नोंदींत रद्द केलेल्या सिरीयल नंबरांच्या बॅगाही वादात होत्या. बाहेरच्या जाणकाराला ती नोंदवही दिसतच नाही. म्हणजे उत्तम डोळा आणि बरोबर नंबर असूनही फोटोवरून दिलेल्या निकालाला एक हद्द आहे, आणि ती कुठल्याही फीने ओलांडता येत नाही.

घड्याळं

यांच्याबद्दल थोडक्यात. मागचं झाकण न उघडता घड्याळाला ‘अस्सल’ म्हणणारी फोटो-सेवा घेऊ नका. केस (बाहेरचं कवच) अस्सल, डायल नंतर रंगवलेली, बेझल (डायलभोवतीची कडी) बाजारातली आणि आतलं यंत्र भलत्याच मॉडेलचं, अशी जोडकामं सर्रास मिळतात. अभिप्रायात केस, डायल, काटे, बेझल, यंत्र आणि पट्टा यांचा वेगवेगळा उल्लेख हवा, आणि यंत्राचा फोटो सोबत हवा.

वस्तू हातात आल्यावर शंका आली तर

क्रम चुकवू नका. पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ, खोक्यावरचं लेबल दिसेल असा. टॅग, सील, संरक्षक प्लास्टिक काही काढू नका. ते काढलं की बरेच विक्रेते परत घेत नाहीत. त्याच दिवशी समूहात विचारा, पण ‘नकली’ असं उत्तर आलं की लगेच लेखी अभिप्रायाची ऑर्डर द्या, कारण पैसे परत देणारी यंत्रणा अनामिक पोस्टीला पुरावा मानेल याचा भरवसा नाही. प्लॅटफॉर्मची मुदत सगळ्यात छोटी असते, म्हणून तक्रार आधी तिथे. अभिप्राय यायचा असला तरी तक्रार नोंदवून ठेवता येते. पेपलवर पैसे दिल्यापासून १८० दिवसांपर्यंत वाद उघडता येतो. व्हिसा कार्डाच्या नियमांत नकली मालासाठी १३.४ हा स्वतंत्र कोड आहे आणि मुदत साधारण १२० दिवसांची. कार्ड देणाऱ्या बँकेशी बोलताना ‘वर्णनाप्रमाणे नाही’ असं मोघम न सांगता ‘माल नकली आहे आणि तसा लेखी अभिप्राय आहे’ असं सांगा. पेपल आणि बँक, दोन्हीकडे एकाच वेळी वाद उघडू नका. बँकेकडे गेलात की पेपल आपला वाद बंद करतं.

विक्रेता ‘आधी परत पाठवा, मग पैसे देतो’ म्हणाला तर प्लॅटफॉर्मबाहेर पाठवू नका. नकली ठरलेली वस्तू परत करण्याऐवजी नष्ट करून त्याचा पुरावा द्यायलाही पेपल सांगू शकतं. तशी सूचना लेखी आल्याशिवाय बॅगेला कात्री लावू नका, आणि लावण्याआधी वर सांगितलेले सगळे फोटो मूळ आकारात दोन ठिकाणी साठवून ठेवा. समूहातल्या धाग्यात शेवटी काय झालं तेही लिहा: पैसे मिळाले की नाही, विक्रेत्याचं खातं बंद झालं की नाही. त्याच विक्रेत्याचं नाव पुढच्या वेळी कुणी शोधेल तेव्हा त्याला निकालाच्या एका ओळीपेक्षा हीच नोंद जास्त उपयोगी पडेल.